सेल्फचा कौल

गाडीचं दुखणं माणसाच्या दुखण्यापेक्षा बरं, असं सिकंदर मिस्त्री नेहमी म्हणायचा. माणूस कुठं दुखतंय ते सांगताना चार गोष्टी पोटात ठेवतो. गाडीला पोटात ठेवता येत नाही. तेल गळलं तर जमिनीवर डाग दिसतो, तार तुटली तर दिवा जातो, आणि एवढं करूनही सापडलं नाही तर मिस्त्रीनं शोधलं नाही एवढाच त्याचा अर्थ. या बोलण्यात थोडा तोरा होता, पण तो त्याला शोभायचा. संस्थानच्या मोटारखान्यात दहा वर्षं काढून त्यानं शाहूपुरीत, गुळाच्या वखारींच्या मागं, स्वतःचा पत्र्याचा गाळा टाकला होता. लढाई संपून दोन वर्षं झाली होती. अख्ख्या कोल्हापुरात मोटारी मोजक्याच, आणि त्यांतल्या बऱ्याचशा आजारी पडल्या की याच गाळ्यात यायच्या.

त्या थंडीत गुरुपाद अडत्याची गाडी चार हमालांनी ढकलत आणली. पुढं दोन माणसांची बैठक, मागं लाकडी हौदा, असली ती छोटी अमेरिकन लॉरी. मुंबईत लढाईतल्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा गुरुपादनं ती घेतली होती. वरून हिरवा रंग मारलेला होता, पण दाराच्या कडेला खरवडलं की खालचा खाकी रंग दिसायचा. गाडी म्हातारी होती. तरी गुऱ्हाळांचा हंगाम सुरू झाल्यापासून कागल, शिरोळकडच्या ढेपा तीच ओढत होती.

"मिस्त्री, सेल्फ फिरंना झालंय बघा," ड्रायव्हर कृष्णात म्हणाला. "काल फिरत होतं, आज न्हाय. उद्या फिरंल. ह्याचं काय खरं न्हाय."

सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिला धक्का देणारी विजेची मोटार. पायाजवळचं बटण दाबलं की बॅटरीतली वीज तिच्यात जाते, तिचं दातेरी चाक इंजिनाच्या मोठ्या चाकात अडकतं आणि त्याला गरागरा फिरवतं. ती नसेल तर माणसानं पुढं उभं राहून लोखंडी हँडल मारायचं, आणि ते उलट फिरलं तर मनगट मोडून घ्यायचं. कृष्णातचं मनगट एकदा मोडून झालं होतं. त्यामुळं सेल्फवर त्याचा फार जीव.

न फिरणाऱ्या सेल्फची कारणं ठरलेली असतात. सिकंदरनं ती एकेक करून घेतली. दिवे लावून पाहिले, लख्ख लागले; म्हणजे बॅटरीत दम होता. तारांची टोकं सोडून घासली, पुन्हा आवळली. बटणावर संशय म्हणून ते बाजूला ठेवून पान्यानं दोन टोकं सरळ जोडून पाहिली. ठिणगी उडाली, सेल्फ गप्प. मग त्यानं सेल्फ खाली उतरवलं, टेबलावर धरलं आणि वीज दिली. ते भिंगरीसारखं फिरलं. पुन्हा गाडीत बसवलं, पुन्हा गप्प.

आता मात्र त्याला चेव आला. उतरवून त्यानं ते आतून उघडलं. आत झिजलेलं काही नव्हतं. तांब्याच्या गोल पट्ट्यांवर चिमूटभर वाळू तेवढी होती, बारीक, फिकट पिवळी, पिठासारखी. त्यानं ती फुंकून काढली, फडक्यानं पुसली, सगळं जागच्या जागी बसवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कृष्णातनं बटण दाबलं आणि गाडी पहिल्या दणक्यात सुरू झाली. सगळं खापर त्या वाळूवर फोडून सिकंदर मोकळा झाला.

आठवडाभरानं पुन्हा तेच. कधी फिरायचं, कधी नाही. गाडी गाळ्यात आली की फिरायचं, बाहेर गेली की अडायचं. किंवा बरोबर उलट. सिकंदरनं तिसऱ्यांदा सेल्फ उघडलं तेव्हा पुन्हा तीच चिमूटभर वाळू तिथंच होती.

"नदीतनं घातलीस काय रं गाडी?" त्यानं विचारलं.

"नदीची वाळू असली पिवळी असती व्हय?" कृष्णात म्हणाला. "आणि मी कशाला घालू नदीत?"

कृष्णात जोतिबाचा भक्त. त्याच्या कपाळावरचा गुलाल कधी पुसला जायचा नाही. आपल्याकडं देवाला कौल लावायची चाल आहे. देवाच्या अंगाला कळी चिकटवायची आणि विचारायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. या गड्यानं एका सकाळी वैतागून स्टिअरिंगला हात जोडले आणि म्हणाला, "जोतिबाच्या नावानं चांगभलं! आज कागलला जाऊ का नगं?" बटण दाबलं. नाही फिरलं. कृष्णात घरी जाऊन झोपला. त्याच दिवशी कागलच्या रस्त्यावर उसाच्या दोन बैलगाड्या उलटल्या आणि मागून येणारी सगळी वाहतूक रात्रीपर्यंत अडकून पडली.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ, असं सिकंदर म्हणाला. पण अशा फांद्या एकामागून एक तुटायला लागल्या. गुरुपादनं गूळ ठेवू का विकू म्हणून विचारलं. सेल्फ फिरलं, त्यानं ठेवला, आणि पंधरवड्यात भाव चढला. मग पेठेतले हमाल विचारायला लागले. मग त्यांच्या बायका. शांतव्वा नावाची एक बाई अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचं विचारायला लांबून चालत आली. गाडी गप्प राहिली. बाई आल्या वाटेनं परत गेली, आणि त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्याची तिरडी बांधली गेली.

"शेट, ह्यो खेळ बंद करा," सिकंदरनं गुरुपादला सांगितलं. "तार कुठंतरी सैल हाय. मला घावली न्हाय एवढंच."

"शिवा शिवा! हुडकू नका मिस्त्री," गुरुपाद हात जोडून म्हणाला. "हाय तसं ऱ्हाऊ द्या. मी काय दुरुस्त करा म्हणतोय का?"

मालकच दुरुस्ती नको म्हणतो असं सिकंदरच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. त्यानं हात झटकले. गुऱ्हाळांचा हंगाम संपेपर्यंत गाडी रोज त्याच्याच गाळ्यात उभी राहायची, कारण वखारीत ढेपांना जागा पुरत नव्हती. येता-जाता तो तिच्याकडं बघायचा टाळायला लागला.

बातमी सुलतानबीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. सुलतानबी म्हणजे सिकंदरची आई. सिकंदरची बायको नजीरा तापाच्या साथीत गेली, तेव्हापासून घरात ही दोघंच. तिसरा बादशहा, सिकंदरचा धाकटा भाऊ. तो ड्रायव्हर म्हणून लढाईवर गेला, बसऱ्याच्या बाजूला. परत आलेल्या एका कागलच्या गड्यानं सांगितलं होतं, की वाळूचं वादळ उठलं, सगळ्या लॉऱ्या थांबल्या. वादळ बसल्यावर मोजल्या तर बादशहाची नव्हती. माणूसही नाही आणि लॉरीही नाही. शोधायला गेलेल्यांना चाकाची रेघसुद्धा दिसली नाही.

सरकारनं ना मेला म्हणून कळवलं, ना जिवंत म्हणून. मशिदीतली चार शहाणी माणसं म्हणायची, पोराच्या नावानं फातेहा पढून घ्या, त्याच्या जिवाला शांतता लागेल. सुलतानबी ऐकायची नाही. जित्या पोराची फातेहा कोण पढतं? आणि मेला असेल तर विनाफातेहाचं पोर वाऱ्यावर भटकत असेल, हेही तिला झोपू द्यायचं नाही. या दोन्हींच्या मधे ती वाळत चालली होती. गेल्या उन्हाळ्यापासून ती दोन घासांच्या वर खात नव्हती. सिकंदरला कळत होतं, की असंच चाललं तर म्हातारी पुढचा पावसाळा काढणार नाही. भाऊ तर गेलाच होता, त्याच्या मनात त्याबद्दल शंका नव्हती. आता आई तेवढी राखायची होती.

"मला एकदा त्या गाडीला इचारू दे," ती म्हणाली.

"अम्मा, ती गाडी हाय. पीर न्हाय."

"न्हाय म्हणाली तर पढू की फातेहा. मी सोताहून पढाय लावीन. पर इचारू दे."

सिकंदरनं दोन दिवस टाळाटाळ केली. तिसऱ्या दिवशी त्याला वाट दिसली. इतकी सोपी, की आधी कशी सुचली नाही याचं त्याला नवल वाटलं. गाडीनं नाही म्हणायला हवं होतं ना? मग बॅटरीच काढून ठेवायची. मिस्त्रीच्या हातात एवढं तरी होतं. अम्मा दोन दिवस रडेल, फातेहा होईल, गरिबांना जेवण घालू, आणि मग म्हातारी हळूहळू भाकरीला लागेल. आईला फसवायचं वाईट वाटत होतं, पण त्या फसवण्यात मायाच होती.

अमावास्येला पेठ बंद असायची आणि कृष्णात गाडीला हात लावायचा नाही. त्या दिवशी दुपारी सिकंदरनं बॅटरीच्या दोन्ही तारा सोडल्या, बॅटरी उचलून मागच्या भिंतीशी नेली आणि तिच्यावर पोतं टाकलं. पेट्रोलचा नळ बंद केला. मग घरी जाऊन अम्माला हाताला धरून घेऊन आला.

बाहेर लख्ख ऊन होतं. वखारींना कुलपं होती. सांडलेल्या गुळाभोवती गांधीलमाश्या घोंघावत होत्या, एवढाच काय तो आवाज.

अम्माला वर बसणं जमेना. ती दारातून आत वाकली, पदर डोक्यावर ओढून घेतला आणि हाताचा तळवा त्या बटणावर ठेवला.

"माझा बादशहा जिता हाय काय?" तिनं विचारलं. अगदी हळू, झोपलेल्या माणसाला उठवताना विचारावं तसं. आणि बटण दाबलं.

सेल्फ फिरलं.

नेहमीसारखं नव्हे. बॅटरी उतरत आलेल्या गाडीचं फिरतं तसं जड, रेटत, गर्र... गर्र... करत. इंजिनाचा एक फेरा पुरा झाला आणि मग ते थांबलं.

अम्मा खालीच बसली. ती हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "जिता हाय रं," ती म्हणाली. "मला ठावं व्हतं. मी म्हणत न्हवते?"

सिकंदर मागच्या भिंतीशी गेला. पोतं उचललं. बॅटरी होती तिथंच होती. दोन्ही टोकं उघडी होती.

त्यानं अम्माला घरी पोचवलं. वाटेत ती शेजारणींना हाका मारून सांगत होती. घरी आल्याबरोबर तिनं ज्वारीचं पीठ काढलं आणि कित्येक महिन्यांनी अख्खी भाकरी खाल्ली. तिला जेवताना बघून त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याला मात्र पोत्याखालची ती बॅटरी दिसत होती.

तो परत गाळ्यात आला. आता इथं तो एकटाच होता. बॅटरीची जागा रिकामी होती. त्यानं लोंबणाऱ्या तारा एकेक करून हातात धरल्या, दुसऱ्या टोकापर्यंत चाचपल्या. कुठंही काही जोडलेलं नव्हतं.

त्याला एकच पद्धत ठाऊक होती. कुठलीही चाचणी एका बाजूनं करून भागत नाही, ती उलटीही करून बघायची. दिवा लागला तर विझतोही का ते बघायचं. सगळ्याला होच म्हणणारी चाचणी काही कामाची नसते, आणि तसं ठरलं तर हा सगळा नुसता लोखंडाचा वेडेपणा, झोप तरी येईल.

तो बैठकीवर चढून बसला. पाय बटणावर ठेवला.

"बादशहा मेलाय काय?"

गर्र... गर्र... पहिल्यापेक्षाही जड. मधेच अडलं, थांबलं, आणि पुन्हा नेट लावून पुढं गेलं.

म्हणजे जिताही हो आणि मेलाही हो. चाचणी फसली होती. सिकंदर हसला, मोठ्यानं हसला, आणि तो हसण्याचा आवाज पत्र्याखाली त्याला स्वतःलाच आवडला नाही. तरी तो उठला नाही. आपण इथून उठून जावं हे त्याला कळत होतं. पण भावाला शेवटचं स्टेशनवर सोडलं तेव्हा गर्दीत धड बोलणं झालं नव्हतं, आणि इतक्या वर्षांत एवढं जवळून उत्तर त्याला कुणी दिलं नव्हतं.

"येणार हायस काय?" त्यानं विचारलं.

बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. काही नाही.

तो खाली उतरला. हात पुसले. दाराकडं निघाला.

पाठीमागं सेल्फ फिरलं.

गाडीत कुणी नव्हतं. ते फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं, आणि त्या लोखंडी रेटण्याच्या मधेमधे धाप लागल्यासारखी एक फुसफुस ऐकू आली. मग शांत झालं.

दुसऱ्या दिवशी त्यानं कृष्णातला सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं हा गडी खूश होईल. कृष्णातचं तोंड उतरलं.

"एकाच गोष्टीचा कौल तीनदा लावलासा?" तो म्हणाला. "मिस्त्री, देवाला बी असं उलटंसुलटं इचारत न्हाईत. आणि त्यो देव कुठं हाय?"

त्यानं गाडीतली आपली जोतिबाची तसबीर काढून पिशवीत घातली आणि ड्रायव्हरकी सोडून तो गावी निघून गेला. गुरुपाद दोन दिवस शिव्या देत बसला. गाडीही त्या दिवसापासून मेली ती मेलीच. बॅटरी जोडून पाहिली, नवी आणून पाहिली, सेल्फ टेबलावरसुद्धा फिरेना. सिकंदरनं ते शेवटचं उघडलं. आत वाळूचा कण नव्हता. सगळं स्वच्छ पुसल्यासारखं होतं.

पुढचे काही दिवस तो जीव मुठीत धरून वावरला. काहीच झालं नाही. अम्मा जेवत होती, तिच्या तोंडावर तरतरी आली होती. ती दुपारी ओट्यावर बसून स्टेशनकडून येणाऱ्या टांग्यांकडं बघायची. सिकंदरनं मनाशी ठरवलं, की आशेवर जगतेय तर जगू दे. भाऊ मेला हे आपल्याला ठाऊक आहे, तेवढं पुरे.

एका दुपारी तो जेवायला घरी आला तेव्हा अम्मा ओट्यावर नव्हती. दार उघडं होतं. आतून तिच्या हसण्याचा आवाज आला.

"ये की रं लवकर! बघ कोण आलाय!"

चुलीपुढं, दारातून पडलेल्या उन्हाच्या पट्ट्यात, बादशहा मांडी घालून बसला होता.

सिकंदरला एवढा आनंद झाला की बाकीचं सगळं तो विसरला. तो धावला, गुडघ्यांवर बसला आणि भावाचे दोन्ही खांदे त्यानं धरले. मग हात काढून घेतले. थंडीचे दिवस होते, अम्मानं घोंगडं पांघरलं होतं. बादशहाचे खांदे वैशाखातल्या पत्र्यासारखे तापले होते.

"ताप हाय अंगात," अम्मा म्हणाली. "परवास का थोडा झालाय? बरं हुईल."

बादशहा गेला तेव्हा बावीस वर्षांचा होता. समोर बसलेला गडीही बावीसचाच होता. मिशी तेवढीच कोवळी. सिकंदरचे कानाजवळचे केस तेवढ्या काळात पांढरे झाले होते.

"कुठं व्हतास?" सिकंदरनं विचारलं.

 बादशहा उघड्या दाराकडं बघत होता, लांबच्या उजेडाकडं बघताना माणूस डोळे बारीक करतो तसे डोळे करून.

अम्मानं त्याचा उजवा हात मांडीवर घेतला होता आणि ती त्याला तेल लावत होती. "हात बघ कसा सोलवटलाय पोराचा," ती म्हणाली. "काय काम करून घेतलं कुणास ठाऊक."

सिकंदरनं पाहिलं. तळव्यात आडव्या खाचा होत्या, खोल, एकीशेजारी एक, सारख्या अंतरावर. रक्त नव्हतं. ते अंतर त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या दात्यांमधे तेवढंच अंतर असतं.

"भाई," बादशहा म्हणाला. आवाज कोरडा होता. "अम्मानं इचारलं तेवढ्यावर आलो असतो की मी. तीनदा फिरवाय लावलंस."

"काय म्हणतोय ह्यो?" अम्मानं विचारलं.

"काय न्हाय अम्मा," सिकंदर म्हणाला. "गाडीचं."

ती हसली. तिच्या तोंडावर असं सुख त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आता तिला काही सांगता येणार नव्हतं. मेलाय असं म्हणायची सोय उरली नव्हती, आणि बादशहाच्या नावानं फातेहा आता कधीच पढली जाणार नव्हती.

"तेल संपलं बघ," रिकामी वाटी पुढं करत अम्मा म्हणाली. "बरणीच आण की."

सिकंदर उठला, फळीवरची बरणी घेऊन आला आणि अम्माशेजारी बसला. तिनं भावाच्या तळव्यावर धार धरली. तेल पसरलं नाही, बोटांमधून ओघळलंही नाही; वाळूत पाणी मुरावं तसं मुरत गेलं. बरणी निम्मी झाली तरी हात कोरडाच होता.